बोरजवळग्याचा ठिपका

बिरादार सरांना अंगात कणकण वाटली की ते थर्मामीटर माझ्या तोंडात घालतात. आधी माझ्या, मग त्यांच्या उजवीकडे राहणाऱ्या कंत्राटदाराच्या. दोन्ही आकडे कागदावर मांडतात, माझं घर त्यांच्या घरापासून किती फुटांवर आणि कंत्राटदाराचं किती, हे हिशेबात घेतात आणि मग गोळी खायची की नाही ते ठरवतात. "अहो, थर्मामीटर स्वतःच्या तोंडात घाला की," असं मी पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे मोठ्या कीवेनं पाहिलं.

"माझ्या तोंडात घातला तर एकच आकडा मिळतो, पाठक. एका आकड्यावर कुनी इस्वास ठेवतं का? शेजारी बघा, शेजारी!"

'शेजारी बघा' हा त्यांचा मंत्र. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्या प्रश्नाच्या शेजारी सापडतं, यावर त्यांची श्रद्धा आहे. मी त्यांचा डावीकडचा शेजारी. म्हणजे मित्र, सहकारी वगैरे मी नंतर. आधी डावीकडचा आकडा. नांदेडच्या एकाच कॉलेजात आम्ही दोघं शिकवतो. मी मराठी, ते संख्याशास्त्र. मुलं दोघांच्याही तासाला सारख्याच उत्साहानं दांडी मारतात, त्यामुळे आमच्यात कधी असूया निर्माण झाली नाही.

हॉटेलात गेलो तर सर मेनूकार्ड उघडत नाहीत. भरलेल्या दोन टेबलांच्या मधलं टेबल पकडतात. मग डावीकडच्या अनोळखी माणसाला विचारतात, "कसं हाय कालवण?" तो म्हणतो, तिखट. उजवीकडच्याला विचारतात. तो म्हणतो, अळणी. सर समाधानानं हात चोळतात. "मंग आपल्याला बराबर येनार!" जाळ निघेल असं कालवण आलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी ते पद्धतीला दोष देत नाहीत. "टेबलं अजून जवळ पायजे होती," एवढंच म्हणतात.

एकदा परीक्षेत एका मुलाची उत्तरपत्रिका गहाळ झाली. प्राचार्य हवालदिल. सरांनी पुढच्या बाकावरच्या आणि मागच्या बाकावरच्या मुलांचे गुण काढले आणि मधला आकडा सुचवला. प्राचार्य म्हणाले, "बिरादार, असं कसं करता येईल?" सर म्हणाले, "साहेब, त्या हॉलवर मी होतो. तिघांनी पेपर कसा सोडवला ते मला मालूम हाय. तिघांचा मिळून एकच पेपर होता." त्यावर त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. तो मुलगा मात्र खूश होता. त्याची स्वतःची अपेक्षा पास होण्याचीसुद्धा नव्हती.

आता हे सगळं वेडेपण आहे असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. यामागे चांगलं रीतसर शास्त्र आहे. सर हत्तीरोगाचे नकाशे काढतात. हत्तीरोग म्हणजे डासांमुळे होणारा तो आजार, ज्यात माणसाचा पाय वर्षानुवर्षं सुजत जातो. पाय दिसायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, म्हणून तो दिसण्याआधीच रक्तात शोधावा लागतो. आरोग्य खात्याच्या माणसांना काही प्रत्येक गावात जाऊन प्रत्येकाचं रक्त घेता येत नाही. ते मोजक्या गावांत जातात. उरलेल्या गावांचं काय? तिथं बिरादार सर. आजार एका गावात असला तर शेजारच्या गावात असण्याची शक्यता जास्त, लांबच्या गावात कमी. कोण किती जवळ आणि कोण किती लांब, याचा हिशेब मांडून सर न तपासलेल्या गावांचाही अंदाज काढतात आणि नकाशावर रंग भरतात. आजार कमी तिथं पिवळट, वाढत गेला की नारिंगी, फार तिथं लालभडक. हे काम ते फुकट करतात. खात्याकडून त्यांना चहा मिळतो, तोही प्रत्येक वेळी नाही.

लोकांच्या दिवाणखान्यात जिथं टीव्ही असतो, तिथं सरांच्या घरी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांचा भिंतभर नकाशा आहे. कुणीही आलं की सर आधी विचारतात, "गाव कोनतं?" मग उठतात, चष्मा लावतात, गाव शोधतात. "फिक्कं हाय. बसा, चहा घ्या." किंवा, "जरा गडद हाय. खात्यानं वाटलेल्या गोळ्या खाल्ल्या का औंदा? का खिशात घालून घरी नेल्या?" सरांचं लग्न झालेलं नाही. त्यांना सांगून आलेल्या एका स्थळाच्या वडलांना त्यांनी याच क्रमानं प्रश्न विचारले होते, असं म्हणतात. मी तेव्हा शेजारी नव्हतो, त्यामुळे खात्री देत नाही.

खेड्यापाड्यांत ते जातात तेव्हा मी बरोबर असतो. यात माझी समाजसेवेची ओढ वगैरे नाही. गाडी माझी आहे. पण त्यांची काम करायची तऱ्हा पाहून मी थक्क झालो. मुखेड तालुक्यातल्या एका गावात आम्ही गेलो होतो. आरोग्यसेविका दारोदार विचारत होती, "घरात कुणाचा पाय सुजलाय का?" सगळीकडे एकच उत्तर, "न्हाई बाई, तसलं काई न्हाई." कोण सांगणार? घरात लग्नाची पोरगी असते, नव्यानं आलेली सून असते. सर म्हणाले, "तुमचं सोडा हो. शेजाऱ्याकडं कुनाचा हाय?"

आणि काय सांगू! गल्लीला कंठ फुटला. या घरानं त्या घरातली आत्या सांगितली, त्या घरानं पलीकडचा म्हातारा सांगितला, पलीकडच्यानं त्याच्या पुढचे दोघे. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत सगळी गल्ली कागदावर. सर मला म्हणाले, "फक्त पयलं घर ऱ्हातंय. म्हनून येताना उलटं इचारत यायचं." कोणाचा पाय आहे हे कळल्यावर मात्र ते त्या घरात फार वेळ बसत. साबणानं पाय कसा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या, हे स्वतः खाली बसून दाखवत. घाई नसे, लाज नसे. एरवी चेष्टा करायला टपलेला मी अशा वेळी गप्प उभा राही.

यंदाच्या थंडीत त्यांचा नवा नकाशा खात्यानं छापला आणि तो कुणीतरी फोनवर पसरवला. दोन जिल्ह्यांत जितके फोन तितक्या जागी तो पोचला. लोक आपापलं गाव बोटांनी मोठं करून बघू लागले. सर खूश झाले. "लोक नकाशा वाचायलेत, पाठक!" लोक नकाशा कशासाठी वाचत होते, ते त्यांना एका रविवारी कळलं.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. दारात एक माणूस आला. पांढरा सदरा, हातात पिशवी, एस.टी.च्या प्रवासानं शिणलेला. सरांच्याच वयाचा. सर उठले आणि सवयीनं विचारते झाले, "गाव कोन..." आणि थांबले.

"वळख ठेवली म्हनायची," तो माणूस म्हणाला. "माणक्या, मी बालाजी."

सरांचं नाव माणिक आहे हे मला माहीत होतं. पण त्यांना कुणी माणक्या म्हणू शकतं, हे मला नवीन होतं. सर लातूरकडचे, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. हा बालाजी त्यांच्या गावचा, औसा तालुक्यातल्या बोरजवळग्याचा. त्यानं चहा घेतला नाही. खिशातून फोन काढला आणि नकाशाचा कापलेला तुकडा समोर धरला.

"हा आमच्या गावाला तांबडा रंग कुनी दिला?"

"रंग मी देत न्हाई," सर म्हणाले. "शेजारी देतेत."

"आमचं रगत तपासलं का?"

"तुमच्या गावात तपासायला कुनी आलंच न्हाई. शेजारच्या गावांवरून अंदाज..."

"शेजाऱ्याच्या घरी भांडन झालं म्हनून माझी बायको मला मारती का रे?" बालाजीचा आवाज चढला. "माझ्या शीतलची सुपारी फुटली होती. पोरगं बिलोलीकडचं, चांगलं, नोकरीवालं. त्या पोराच्या मामानं हे चित्र बगितलं अन् म्हनला, थांबा जरा. जवळची सोयरीक असती तर आमचं गाव त्येंना ठाऊक असतं. लांबच्यानला काय म्हाईत? त्येनला हे चित्रच म्हाईत. पोरगी चार दिवस झालं जेवंना."

मी सरांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील असं वाटलं. ते नकाशापाशी गेले आणि शाळेतल्या मुलासारखं पाठ म्हणू लागले, "हे बघ. नदीकाठची ही गावं तपासली. पानी साचतं, डास लई. सगळी लाल. त्यांच्या मधी तुमचं."

बालाजी उठला, नकाशाजवळ गेला. त्यानं वाकून सरांच्या बोटाखालचा ठिपका पाहिला. नदीच्या वळणावर होता.

"हितं?" तो म्हणाला. "हितं कोन ऱ्हातंय, माणक्या? बाभळी हायत हितं."

सरांनी बोट उचललं नाही.

"आमी वर माळावर आलो की रे. भूकंप झाल्यापासून. तू खालचं गाव काढलंस."

 बालाजी सरळ होत म्हणाला, "तुला ठाऊक न्हाई असं कसं म्हनू?" आणि पिशवी उचलून निघाला. मी त्याला गाडीनं एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत त्यानं सांगितलं ते मला इतक्या वर्षांच्या शेजारात कळलं नव्हतं. भूकंप झाला तेव्हा सर नांदेडला शिकायला होते. घरी आई आणि धाकटी बहीण. पहाटे घर बसलं, दोघी त्यात गेल्या. सर पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. पुढं सरकारनं माळावर नवं गाव वसवलं, वाचलेल्या प्रत्येकाला घर दिलं. सरांनाही मिळालं. सर ते बघायलासुद्धा गेले नाहीत. किल्ली बालाजीकडे. "दर दिवाळीला भितीला चुना देतो," तो म्हणाला. "नुस्तं पडून ऱ्हायलं तर घर खराब दिसतंय."

परत आलो तो तडक सरांकडे. ते नकाशासमोर खुर्ची टाकून बसले होते. मी स्वतः नकाशा पाहिला. त्या भागातली आणखी किती तरी गावं भूकंपानंतर उठून नव्या जागी गेली आहेत. सरांनी त्या सगळ्यांचे ठिपके नव्या जागी टाकले होते, अगदी काटेकोर. खाली राहिला होता एकच.

"बाकीची सगळी गावं हलवलीत तुम्ही," मी म्हणालो. "मग हेच का नाही?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"त्या गावांत माझं कोन होतं, पाठक?"

 ते नकाशाकडे बघतच बोलत होते. "इथं आई हाय. धाकटी हाय. ठिपका वर नेला की इथं काईच ऱ्हात न्हाई. नुस्ता कागद."

मला त्यांचा संताप आला आणि त्यांच्यासाठी भडभडूनही आलं, दोन्ही एकदम. त्यातला संताप आधी तोंडातून निघाला. "आणि त्या पोरीचं काय? तुमच्या आईला जागा हवी म्हणून तिचं लग्न मोडायचं?" बोललो आणि वाटलं, आपण जास्तच बोललो. सर म्हणाले, "तेच चाललंय डोक्यात. तुमी जावा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे.

"ठिपका हलवायचा," ते म्हणाले. "पन नुस्ता हलवून भागत न्हाई. माळावर नेला की शेजारी बदलतात, रंग फिक्का पडतो. पन तो बी अंदाजच. अंदाजानं मोडलेली सोयरीक अंदाजानंच जोडायची का? रगत तपासायचं गावाचं. खात्याला सांगतो."

"आणि निघाला आजार तर?"

"निघाला तर गोळ्या. लपवायचं न्हाई." मग जरा चाचरत म्हणाले, "अन् जागा बघितल्याबिगर ठिपका टाकत न्हाई मी. जावं लागंल."

त्याआधी त्यांनी मुलाच्या मामाला फोन केला, तो प्रसंग सांगितलाच पाहिजे. मामा बिचारा सरळ माणूस. त्यानं एकच विचारलं, "आजार हाय का न्हाई, तेवढं सांगा." सर म्हणाले, "हाय अन् न्हाई ह्येच्या मधी. किती मधी, ते अंतरावर हाय." मामा म्हणाला, "कशाच्या अंतरावर?" सर म्हणाले, "असं करा. तुमच्या घरापासून तुमच्या शेजाऱ्याचं घर किती फुटावर हाय?" मी फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, की गावाचं रक्त तपासायचं ठरलंय, तोवर तारीख मोडू नका. मामा म्हणाला, "तुमी कोन?" काय सांगणार? मी म्हणालो, "मी सरांचा शेजारी."

पुढच्या आठवड्यात आम्ही बोरजवळग्याला गेलो.  नवं गाव म्हणजे सरळ रुंद रस्ते, एका मापाची घरं, झाडं आता चांगली वाढलेली. सर गाडीतून उतरले आणि भोवती बघत राहिले. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. असा गोंधळलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून आरोग्य खात्याची सिस्टर बसली होती. बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं, दहा मिनिटं थांबायचं. पट्टीवर एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर आजाराचे जंतू अंगात. गाव जमलं होतं, पण पुढं कुणी येईना. जो तो शेजाऱ्याला पुढं ढकलत होता. बालाजीची बायको कमलबाई आणि शीतल भिंतीला टेकून उभ्या. पोरगी सावळी, तरतरीत, पण तोंड उतरलेलं. तिच्याकडे पाहून मला स्वतःच्या मुलीचं लग्न आठवलं.

मग बिरादार सर पुढं झाले आणि खुर्चीवर बसले. बाही विनाकारण वर केली.

"सर, इथं राहणाऱ्यांचंच घ्यायचंय," सिस्टर म्हणाली. "तुम्हीच लिहून दिलाय ना नियम."

 सगळं गाव बघत होतं. मग ते अगदी हळू म्हणाले, "मी इथलाच."

"घर नंबर?"

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्या घराचा नंबर त्यांना माहीतच नव्हता. भिंतीजवळून कमलबाई म्हणाली, "चौऱ्यांशी लिवा. आमच्या लगतचं हाय." आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, "हाव, चौऱ्यांशी, चौऱ्यांशी." सिस्टरनं लिहिलं. सरांनी बोट पुढं केलं.

ते बसलेले बघून लोक पुढं सरकले, रांग धरली. मी उगाच इकडं-तिकडं करत होतो. दहा मिनिटांनी सिस्टरनं सरांची पट्टी उचलली, उजेडाकडे धरली. पुन्हा धरली.

"दोन हायत का?" सरांनी विचारलं.

"दोन आहेत, सर."

 बालाजी पायरीवर मटकन बसला. आणि मी? मी खरं ते सांगतो. माझ्या मनात आधी सरांची काळजी आली नाही. मी डावीकडचा शेजारी! मी पुढं होऊन बोट सिस्टरसमोर धरलं. ती म्हणाली, "काका, तुमचं नंतर बघू." तेव्हा माझं मलाच हसू आलं आणि लाजही वाटली. इतकी वर्षं डासांच्या गावांतून हिंडलेला, दुसऱ्यांचे पाय धुऊन दाखवणारा हा माणूस, ह्याला कधी कुणी तपासलं नव्हतं.

सर मात्र शांत होते. "माझं नाव खोडा, सिस्टर," ते म्हणाले. "मी इथं एक दिवस राहिलो न्हाई. हे इथल्या डासाचं काम न्हाई. मला इथला धरलं तर गावाचा हिशेब चुकतो. मी नांदेडचा."

दहा मिनिटांपूर्वी ज्या माणसानं जन्मात पहिल्यांदा 'मी इथलाच' म्हटलं होतं, तोच हे बोलत होता. नियम त्यांचाच, आणि बरोबरही. पण मला ते ऐकवेना. सिस्टरनं त्यांच्या नावावर रेघ मारली. तेव्हा कमलबाई पुढं आली, पदर खोचून, जरा रागातच.

"कागदावरनं खोडा," ती म्हणाली. "गावातनं कोन खोडतंय?"

दुपारपर्यंत तपासणी चालली. शीतल झाली, बालाजी झाला, म्हातारेकोतारे झाले. सगळ्या पट्ट्यांवर एकेकच रेघ. माझ्याही. मी मामाला फोन लावला आणि सिस्टरच्या हाती दिला. सरांनी मागितला होता, पण दिला नाही. सिस्टरनं चार वाक्यांत सांगितलं. मामा म्हणाला, "मंग तारीख तीच ऱ्हाऊ द्या." बालाजी सगळ्यांसमोर ढसाढसा रडला आणि कुणी त्याला हसलं नाही.

सर शाळेच्या कुंपणापाशी एकटेच उभे होते. शीतल त्यांच्याकडे गेली. तिच्या हातात किल्ली होती.

"काका, जानोशाला जागा पायजे," ती म्हणाली. "नवरदेवाकडची मान्सं उतरवायची कुटं? शाळा तर चालू ऱ्हाईल. तुमचं घर उघडू का?"

सरांनी किल्लीकडे पाहिलं. म्हणाले, "माझ्या रक्तात आजार हाय, पोरी. माझ्या घरी कशाला?"

"मंग गोळ्या घ्या की," शीतल म्हणाली. "लग्नाला अजून टाइम हाय."

ते हसले. मग तिच्या हातातून किल्ली घेतली. कुलूप सहज उघडलं. बालाजी त्यालाही दरसाल तेल देत होता. आत दोन खोल्या, रिकाम्या, पांढऱ्याशुभ्र, चुन्याचा वास. सर एका खोलीतून दुसरीत गेले, खिडकी उघडली, हातानं चौकट चाचपली. आम्ही बाहेर थांबलो. बऱ्याच वेळानं ते उंबऱ्यावर आले, खिशातून फोन काढला आणि नकाशावरच्या ठिपक्यासाठी त्या जागेची नोंद घेतली. एकदा घेतली, पुन्हा घेतली. फोन हलू नये म्हणून शीतलनं त्यांचा हात खालून धरला.

निघायला संध्याकाळ झाली. नांदेडचा रस्ता धरला तरी सर खिडकीबाहेरच बघत होते. मी दोन-तीनदा विषय काढला, गोळ्यांचा, आहेराचा. त्यांचं लक्ष नव्हतं. औसा मागं पडलं. मग मान न वळवता ते म्हणाले,

"आईला अन् धाकटीला वर आनलं, पाठक."

मी गाडीचा वेग कमी केला. 

"खाली लई कोंदट होतं," सर म्हणाले. "वर हवा चांगली हाय."